खडकाचा वेग मोजतो म्हणजे नक्की काय मोजतो?

साइटवर चोवीस जिओफोन, म्हणजे जमिनीचा थरथराट टिपणारी छोटी उपकरणं, ओळीत रोवले, केबल अंथरली आणि पोराने घण उचलून लोखंडी प्लेटवर हाणायला सुरुवात केली की दहा मिनिटांत गावातलं कोणीतरी येऊन उभं राहतंच. "पाणी किती फुटांवर हाय सायेब?" हा ठरलेला प्रश्न. आता आम्ही पाण्यासाठी आलेलोच नसतो, बांधकामाआधी जमिनीतून लहर किती वेगाने जाते ते मोजून खाली दगड किती खोल आहे ते बघायला आलेलो असतो (साइस्मिक रिफ्रॅक्शन म्हणतात त्याला), पाण्याला विजेची पद्धत बरी, म्हणजे रेझिस्टिव्हिटी, ती स्वस्तही पडते, पण हे सांगून उपयोग नसतो कारण तोवर कोणीतरी शेजारच्या वस्तीवरच्या पाणाड्याचं नाव काढलेलं असतं आणि त्याच्या हातावर नारळ कसा उभा राहतो यावर चर्चा रंगलेली असते. ते असो. दुसरा प्रश्न येतो क्लायंटच्या इंजिनिअरकडून आणि तो मात्र कामाचा असतो: "बोअर मारलेत की आम्ही, कोअर बॉक्समध्ये दगड दिसतोय, मग ही ठोकाठोकी कशाला?" (कोअर म्हणजे बोअरमधून सबंध काढलेला दगडाचा दांडा.)

याचं उत्तर उन्हात उभं राहून इतक्यांदा दिलंय की म्हटलं एकदा लिहूनच काढू, पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं.

घण बसला की जमिनीत लहरी सुटतात. त्यातली सगळ्यात जोरात पळणारी ती पी लहर, ही जमिनीचे कण पुढे-मागे दाबत-सोडत जाते, हवेतला आवाज जातो तशीच. तिच्या मागून एस लहर, ही कणांना आडवं हलवते, आणि आडवं हलवायचं म्हणजे पदार्थाला आकार धरून ठेवायची ताकद हवी, म्हणून ती पाण्यातून आणि हवेतून जातच नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. या लहरींचा वेग ठरतो दोन गोष्टींवर, पदार्थ किती ताठ आहे आणि किती जड आहे. गंमत अशी की सूत्रात घनता खाली असते, म्हणजे जड पदार्थात लहर हळू जायला पाहिजे, आणि तरी जड काळ्या पाषाणात ती सुसाट जाते आणि हलक्या मातीत रखडते. कारण मातीपासून कातळापर्यंत जाताना घनता फार तर दीडपट-पावणेदोनपट वाढते, पण ताठपणा शेकडो पटीने वाढतो. म्हणून "घट्ट दगड म्हणून वेग जास्त" असं सगळे म्हणतात ते ढोबळमानाने बरोबर येतं, पण कारण वेगळं आहे.

आकडे सांगायचे तर हवेत आवाज साधारण ३४० मीटर सेकंदाला. कोरड्या भुसभुशीत मातीत पी लहर ३०० ते ६००, म्हणजे कधीकधी हवेपेक्षाही हळू. पाण्यात १५०० च्या आसपास. मुरूम आणि झिजलेला दगड १००० पासून २५०० पर्यंत कुठेही. ठणठणीत काळा पाषाण ४५०० ते ६०००. हा तक्ता कुठल्याही पुस्तकात मिळतो आणि खरा त्रास इथूनच सुरू होतो, कारण रिपोर्ट हातात आला की लोक आकडा बघतात, तक्ता बघतात आणि दगडाचं नाव लिहून मोकळे होतात. १८०० आला, "हं, हार्ड मुरूम." ४००० आला, "बेसाल्ट." असं नसतं हो. वेग दगडाचं नाव सांगत नाही, दगड एकसंध किती आहे एवढंच सांगतो.

याचं माझं आवडतं उदाहरण चंद्रावरचं. अपोलो ११ ने आणलेल्या दगडांत पी लहरीचा वेग मोजला तेव्हा तो विचित्र कमी आला, एका नमुन्यात सेकंदाला १.८४ किलोमीटर आणि दुसऱ्यात १.२५. पृथ्वीवरच्या तसल्याच दगडांत याच्या तिप्पट-चौपट असतो. १९७० मध्ये श्रायबर आणि अँडरसन या दोघांनी 'सायन्स' मासिकात चक्क या वेगांची तुलना चीजशी केली, आणि चेडर चीज भरलं १.७२! म्हणजे वेगाचा तक्ता बघून नाव द्यायचं तर चंद्र चीजचा बनलेला आहे ही इंग्रजांकडची जुनी थट्टा खरी ठरत होती. दोघांनी ते मिश्कीलपणेच लिहिलं होतं, पण मुद्दा शंभर टक्के खरा आहे. चंद्रावरचे दगड उल्कांच्या माराने आतून तडकलेले, आणि तडांमध्ये ना पाणी ना हवा. खनिजं तीच पण लहरीला एका कणातून दुसऱ्या कणात जायला धड वाटच नाही. पुढे फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ च्या एडगर मिचेलने चंद्राच्या जमिनीवर थंपर नावाची काठी टेकवून छोटे छोटे बार उडवले, आम्ही घणाने करतो तेच काम, आणि वरच्या साडेआठ मीटर धुळीचा वेग निघाला १०४ मीटर प्रति सेकंद, खालचा २९९. आमच्याकडे १०४ आला असता तर क्लायंटने मशीनच परत पाठवलं असतं.

तडांचं हे कोडं तसं फार जुनं आहे. रॉबर्ट मॅलेट नावाचा एक आयरिश इंजिनिअर होता, त्याने १८५० च्या सुमाराला डब्लिनजवळ किलिनीच्या वाळूच्या किनाऱ्यावर दारूचे पिंप पुरून उडवले आणि अर्ध्या मैलाच्या आसपास अंतरावर वाटीतल्या पाऱ्यावर लहर कधी उठते ते बघून वेळ मोजली. वाळूत आला ८२५ फूट सेकंदाला. मग जवळच डॉल्कीच्या ग्रॅनाइटमध्ये तोच उद्योग, फुटक्या ग्रॅनाइटमध्ये १३०६ फूट आणि त्यातल्या त्यात अखंड ग्रॅनाइटमध्ये १६६५ फूट. आजच्या हिशोबाने हे आकडे अगदीच कमी आहेत, ग्रॅनाइटमध्ये निदान याच्या दहापट तरी यायला हवेत, कारण पारा थरथरेपर्यंत पहिली बारीक लहर केव्हाच निघून गेलेली असायची. पण क्रम बघा. वाळू, फुटका दगड, अखंड दगड. आकडा चुकला तरी एकाच उपकरणाने घेतलेली तुलना बरोबर आली. मला तर वाटतं आजही या पद्धतीचा खरा जोर तुलनेतच आहे, एका लाइनवर पन्नास मीटरपासून सत्तर मीटरपर्यंत वेग ३८०० वरून २२०० वर घसरला तर तिथे काहीतरी आहे, ते ३८०० म्हणजे नक्की ३८०० का ३६५० यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

आता पद्धत थोडक्यात. समजा वर मातीमुरमाचा थर आहे वेग ६००, खाली दगड वेग ३०००. घणाजवळच्या जिओफोनला वरून सरळ आलेली लहर आधी पोचते, प्रत्येक पाच मीटरला तिला आठ मिलिसेकंद आणि थोडे वर लागतात. दुसरी लहर खाली दगडापर्यंत जाते, दगडाच्या माथ्यावरून ३००० च्या वेगाने धावते आणि धावता धावता वर जमिनीकडे लहरी सोडत जाते. हिला खाली उतरायला-चढायला वेळ लागतो पण एकदा दगडावर आली की पाच मीटर पावणेदोन मिलिसेकंदांत. त्यामुळे एका ठराविक अंतरानंतर लांबून फिरून आलेली ही लहरच आधी पोचायला लागते. अंतर आणि वेळ कागदावर मांडली की रेषा तिथे मोडते. ती मोड समजा २० मीटरवर आली, तर २० चं निम्मं दहा, त्याला वेगांतला फरक भागिले वेगांची बेरीज याच्या वर्गमुळाने गुणायचं, म्हणजे २४०० भागिले ३६००, वर्गमूळ ०.८२, दगड साधारण सव्वाआठ मीटरवर. झालं. बाकी सॉफ्टवेअर जी रंगीत चित्रं काढतं ती याच हिशोबाची मोठी भावंडं.

हे वाचून सोपं वाटतं, पण सगळा खेळ पहिला ठोका ओळखण्याचा आहे, फर्स्ट ब्रेक म्हणतात त्याला. रस्त्यावरून डंपर गेला, वारा सुटला, शेजारी जनरेटर लावलाय, की शंभर मीटरवरच्या जिओफोनवरचा पहिला ठोका गोंगाटात बुडतो. मग एकाच जागी पाच-दहा वेळा घण मारून सगळे रेकॉर्ड एकावर एक चढवायचे, गोंगाट एकमेकांना खातो आणि खरी लहर वर येते. शहरात तर रात्री दोन-तीनला काम करावं लागतं आणि सोसायटीवाले पोलिसांना फोन करतात ते वेगळंच.

बरं, मूळ प्रश्नाकडे. बोअर असताना हे कशाला?

मुळशीकडच्या एका डोंगरउतारावरचं काम सांगतो. बोअरमध्ये साडेचार मीटरवर दगड लागला, कोअर निघाला एकदम देखणा, लांब लांब तुकडे, निळसर काळे, ठोकले की खण्ण वाजणारे. करारात लिहिल्याप्रमाणे दगडात दीड मीटर जाऊन बोअर थांबवला आणि लॉगवर, म्हणजे बोअरच्या नोंदीच्या कागदावर, 'हार्ड रॉक, ४.५ मी.' लिहून सही. आमच्या लाइनवर मात्र तिथेच अकरा मीटरपर्यंत ११०० ते १३०० च्या वर वेग जाईना. मीटिंगमध्ये सरळ आमच्या मशीनवर आलं सगळं. रिगवर जे ड्रिलर होते, वय झालेले, सगळे त्यांना मामाच म्हणतात, ते चहा पीत कोपऱ्यात बसले होते, ते हळूच म्हणाले, "सायेब, शेवटी शेवटी पाणी तांबडं यायला लागलं व्हतं." म्हणजे ड्रिलिंगचं परत येणारं पाणी दगडात राखाडी येत होतं ते तळाशी तांबूस झालं, दगड संपून बिट परत मुरमात शिरायला लागलं होतं. मामांना ते दिसलं होतं पण लॉगच्या फॉर्मात पाण्याच्या रंगाला रकाना नव्हता आणि त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. शेवटी पोकलेन लावून खड्डा घेतला. आत मुरमात बसलेले गोल गोल गोटे, काही टेबलाएवढे काही छोट्या गाडीएवढे, कांद्याचे पापुद्रे सुटावे तसे बाहेरून थर सुटत चाललेले आणि आतला गाभा मात्र अभंग. बेसाल्ट असाच कुजतो, सांध्यांतून पाणी शिरतं, कडेकडेने माती होते आणि मधला गोटा शाबूत राहतो. बोअर नेमका एका गोट्याच्या पोटातून गेला होता. लहरीला मात्र दहा-पंधरा मीटर रुंद जमिनीतून जायचं असतं, तिला वाटेत चार गोटे कडक लागले तरी मधला सगळा मुरूम तुडवावाच लागतो, म्हणून तिचा वेग वाढला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं असतं की बोअर एका बिंदूबद्दल खात्रीने बोलतो आणि लहर दोन बोअरच्या मधल्या जागेबद्दल सरासरीने बोलते. एकाला विचारून दुसऱ्याला घरी पाठवू नका. आणि मामांना विचारा.

आता उलट बाजू, नाहीतर वाटेल मी माझ्याच धंद्याची जाहिरात करतोय. या पद्धतीची एक मोठी अट असते की खाली जाताना प्रत्येक थराचा वेग वाढत गेला पाहिजे. जगात बऱ्याच ठिकाणी ते चालून जातं, वर माती खाली झिजलेला दगड त्याखाली ताजा दगड. पण आपली दख्खनची जमीन म्हणजे लाव्हारसाचे एकावर एक थर. एक थर निवला, त्याचा माथा उन्हापावसात कुजला, मग वरून पुढचा लाव्हा आला. त्यामुळे दोन कडक थरांच्या मध्ये सापडतो तांबडा मऊ पट्टा, भूगर्भवाले त्याला रेड बोल म्हणतात, गावाकडे गेरू. कधी मांजऱ्या दगड, भोकाभोकांचा, भोकांत पांढरी खनिजं भरलेली. मुंबईच्या पोटात तर ब्रेचिया आणि टफ यांचीही, म्हणजे ज्वालामुखीच्या तुकड्यांच्या आणि राखेच्या दगडांचीही भर आहे. आता वर ५००० चा पाषाण आणि खाली २००० चा गेरू असेल तर लहर त्या मऊ थरात शिरताना वर वळायच्या ऐवजी आणखी खाली वाकते, त्याच्या माथ्यावरून धावून वर येणारी लहर तयारच होत नाही. थर आहे पण ग्राफवर त्याची रेषाच नाही. वरून त्या थरात घालवलेला जादा वेळ आपण वरच्या कडक थराच्या खात्यावर मांडतो आणि त्याखालचा दगड आहे त्यापेक्षा खोल दाखवतो. धरणाच्या पायाला किंवा बोगद्याला घात करणारा थर नेमका हाच, पाणी लागलं की फुगणारा-सुटणारा, आणि तोच या पद्धतीला आंधळा कोपरा. ज्या रिपोर्टमध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या साइटवर "तीन थर, वेग खाली वाढत जातो" एवढंच लिहिलंय आणि गेरूचा उल्लेखही नाही तो रिपोर्ट मी दुसऱ्यांदा वाचतो.

यावर माझा बिनपैशाचा उपाय म्हणजे विहिरी. लाइन टाकायच्या आधी आसपासच्या विहिरींत डोकवायचं. शेतकऱ्याची उघडी बांधकाम नसलेली विहीर म्हणजे पंधरा मीटर व्यासाचा फुकटचा बोअर, भिंतीवर थर स्पष्ट दिसतात, वर मुरूम, मग उभ्या भेगांचा कातळ, मग गेरूची तांबडी रेघ आणि बऱ्याचदा त्याच रेघेवरून पाण्याची धार. मालक विचारतो काय बघताय, त्याला विचारायचं खोदताना सुरुंग कुठून लावायला लागले आणि कुठे टिकाव चालला. ही माहिती हातात असली की मग ठरवता येतं की नुसतं वरून घण मारून भागेल का बोअरमध्ये जिओफोन सोडून डाउनहोल करायला लागेल. डाउनहोलमध्ये लहर वरून खाली थेट उपकरणापर्यंत जाते, प्रत्येक मीटरचा वेग वेगळा मिळतो, मग मऊ थर लपत नाही. खर्च वाढतो हे खरं.

हीच अडचण मोठ्या प्रमाणावर बघायची तर कोयना बघा. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर त्या भागावर जगाचं लक्ष गेलं आणि पुढे सत्तरच्या दशकात हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेने गुहागरपासून चोरोचीपर्यंत आणि केळशीपासून लोणीपर्यंत अशा लांबलचक लाइन टाकून खोल सर्वेक्षण केलं, तिथे घणाचं काम नाही, बोअरमध्ये स्फोट करायचे. दख्खनच्या लाव्हाचा वेग आला ४.८ किलोमीटरच्या आसपास आणि त्याखालच्या जुन्या ग्रॅनाइटी पायाचा ६ च्या आसपास. वेग वाढत गेला म्हणून पाया दिसला. पण मध्ये गाळाचा एखादा थर असेल तर? तो वरून दिसणारच नाही. हे उत्तर मिळालं ते ड्रिलिंगमधून. कोयनेजवळ रासाटीला लाव्हा ९३२ मीटरवर संपला, गोठण्याला २०१७ मध्ये जो तीन किलोमीटर खोल पायलट बोअर पूर्ण झाला त्यात साधारण १२५० मीटरवर, आणि दोन्हीकडे लाव्हा थेट ग्रॅनाइटी दगडावर टेकलेला, मध्ये गाळ नाही. किल्लारीला मात्र, १९९३ च्या भूकंपानंतर जो बोअर घेतला त्यात ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली ८ मीटरचा गाळाचा थर, मग पाया. तीनशे मीटर बेसाल्टच्या खाली लपलेले आठ मीटर, वरून कितीही स्फोट करा, पहिल्या ठोक्यांत त्याची खूण मिळणार नाही. सौराष्ट्र-कच्छकडे बेसाल्टखालच्या जुन्या गाळात तेल-वायू शोधणाऱ्यांची डोकेदुखी हीच आहे.

आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य. एस लहर पाण्यातून जात नाही. पी लहर जाते, १५०० ने. म्हणजे भुसभुशीत मातीच्या फटी पाण्याने भरल्या की पी लहरीला पाण्याचा आधार मिळतो आणि ५०० चा वेग एकदम १५००-१६०० होतो. माती तीच, ताकद जराही वाढलेली नाही, उलट कमीच झालेली. नवी मुंबईच्या खाडीकडेची काळी चिखलमाती घ्या, पायाखाली पचपच करते पण पी वेग १५००, तक्ता बघणारा म्हणेल मुरूम. तिथे एस लहर मोजली की ती शंभर-दीडशे निघते आणि सोंग उतरतं. पी आणि एस यांचं गुणोत्तर चांगल्या दगडात पावणेदोनच्या आसपास असतं, या चिखलात ते दहा होतं. म्हणून भूजलाच्या पातळीखालच्या जमिनीत नुसता पी वेग देणारा सर्व्हे मी अर्धवट समजतो. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत जे झालं ते आठवा, भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब आणि इमारती पडल्या त्या जुन्या तळ्याच्या गाळावरच्या. त्या गाळात एस वेग शंभराच्याही खाली, लहरी तिथे येऊन हळू झाल्या आणि फुगल्या.

एस वेग मिळवायला हल्ली बहुतेक जण मॅस्व (MASW) नावाची पद्धत वापरतात. पृष्ठभागावरून सरपटत जाणारी लहर वापरायची, तिच्या लांब लाटा खोलपर्यंतची जमीन चाचपतात आणि आखूड लाटा वरवरची, त्यावरून उलट हिशोब करून एस वेग काढायचा. १९९९ मध्ये कॅन्ससच्या पार्क, मिलर आणि शिया यांनी ती मांडली. तिचा फायदा म्हणजे गोंगाटात चालते आणि मऊ थर मध्ये लपला असला तरी काहीतरी सुगावा देते. तोटा म्हणजे खाली जाऊ तसं चित्र धूसर होत जातं, आणि सॉफ्टवेअर मात्र तीस मीटरवरही तितक्याच आत्मविश्वासाने रंग भरतं.

दगडाच्या दर्जाबद्दल आणखी एक उपयोगी हिशोब आहे. कोअरचा तुकडा लॅबमध्ये नेऊन त्यात अल्ट्रासॉनिक वेग मोजायचा, समजा ५८०० आला. साइटवर त्याच दगडाचा वेग ३५०० आला. तुकड्यात तडा नाहीत, जमिनीत आहेत, फरक तडांचा. ३५०० भागिले ५८०० चा वर्ग केला की ०.३६, आणि हा आकडा साधारणपणे आरक्यूडीच्या जवळ जातो, म्हणजे दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांचं प्रमाण शंभरात छत्तीस, दगड कमकुवत. निक बार्टनचं सूत्रही प्रसिद्ध आहे, जमिनीलगतच्या कडक दगडासाठी पी वेग किलोमीटरमध्ये म्हणजे ३.५ अधिक क्यूचा लॉग (क्यू हा दगडाच्या दर्जाचा आकडा), म्हणजे क्यू दहापट झाला की वेग एक किलोमीटरने वाढतो. पण 'जमिनीलगतच्या' आणि 'कडक' हे दोन शब्द विसरून लोक ते पाचशे मीटर खोल बोगद्याला लावतात. खोलात वरच्या वजनाने तडा मिटतात आणि तोच फुटका दगड झकास वेग दाखवतो, बोगदा खोदून दाब मोकळा केला की मग तडा उघडतात.

तसंच लवचिकतेचं. एस वेगाचा वर्ग गुणिले घनता म्हणजे शिअर मॉड्युलस, म्हणजे आडवं हलवायला होणारा विरोध, सूत्र सोपं, आणि डिझाइनवाले ते उचलून थेट फाउंडेशनच्या सेटलमेंटला, म्हणजे पाया किती खचेल त्या हिशोबाला लावतात. घणाच्या ठोक्याने जमीन जेवढी हलते ती हालचाल इतकी बारीक असते की तडा उघडायची-मिटायची वेळच येत नाही, इमारतीच्या वजनाखाली येते. झिजलेल्या दगडात लहरीवरून काढलेला मॉड्युलस खऱ्या लोड टेस्टच्या कितीतरी पट भरतो. डायनॅमिक असं लिहिलेलं असतं ते उगीच नाही.

आणि पैशाचा विषय आला की या आकड्यांना वेगळीच धार चढते. खोदाईचा दर मातीला एक, हार्ड मुरमाला एक, सॉफ्ट रॉकला एक, हार्ड रॉकला सगळ्यात जास्त. डोझरच्या हँडबुकात वेगावरून तक्ते असतात की कुठला दगड रिपरने, म्हणजे डोझरच्या मागच्या नांगरासारख्या दाताने निघेल आणि कुठे ब्लास्टिंग लागेल, बेसाल्टला दोन-अडीच हजारांच्या पट्ट्यात मोठी मशिनंही कुरकुरायला लागतात. साहजिकच कंत्राटदाराला वेग जास्त हवा, क्लायंटला कमी. एका कामावर तर मला फोनवर सुचवण्यात आलं की "ते एकोणीसशे जरा वर घेता येतील का, बावीसशेपर्यंत". मी त्यांना रॉ रेकॉर्ड पाठवून दिले आणि म्हटलं तुम्हीच घ्या वर, पहिला ठोका तिथेच दिसतोय तोवर मी काय करू. वडार समाजातले जुने दगडफोडे हातोडी मारून नुसत्या आवाजावरून सांगतात, खणखणीत वाजला तर दगड एकजीव, बद्द वाजला तर आत केर आहे. त्यांच्याशी असली घासाघीस करायला कोणी जात नाही.

जाता जाता, तुमच्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं असेल तर कॉलमच्या दोन बाजूंना ग्रीस लावून डबीसारखे दोन प्रोब टेकवणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. तेच हे, फक्त काँक्रीटमध्ये. २०१८ पर्यंत लागू असलेल्या आयएस १३३११ या भारतीय मानकाप्रमाणे सेकंदाला ४.५ किलोमीटरच्या वर उत्तम, ३.५ ते ४.५ चांगलं, ३ ते ३.५ मध्यम आणि त्याखाली संशयास्पद असं धरत. इथेही वेगावरून ताकद थेट काढायचा मोह आवरा, ओल्या कॉलममध्ये वेग थोडा जास्तच येतो, आणि मध्ये सळई आली तर लहर पोलादातून पळते. पावसाळ्यात घेतलेल्या रीडिंगवर खूश होणारी कमिटी मी पाहिलीय.

रिपोर्ट हातात आल्यावर काय बघायचं तेवढं सांगतो आणि थांबतो. रंगीत चित्र बाजूला ठेवा, आधी वेळ-अंतराचे ग्राफ मागा. एका लाइनवर निदान पाच ठिकाणी घण मारलेला असावा, दोन टोकं, मधला, आणि दोन टोकांच्या बाहेर, कारण थर तिरका असेल तर एकाच बाजूने मारून मिळालेला वेग खोटा असतो, उताराच्या बाजूला कमी आणि चढाच्या बाजूला जास्त. लाइनच्या लांबीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यापेक्षा खोल जे काही रंगवलंय ते मनावर घेऊ नका. बोअरची जागा चित्रावर दाखवलीय का आणि जिथे दोघांचं जमत नाही तिथे कारण लिहिलंय का ते बघा, सगळीकडेच जमलं असेल तर जास्त संशय घ्या. आणि रॉ डेटाचा पेनड्राइव्ह बिलाबरोबरच मागून घ्या, शेजारच्या प्लॉटवर पुढे दुसरं बेसमेंट निघतं तेव्हा तो लागतो आणि तोपर्यंत आमच्यासारख्यांच्या ऑफिसातला कॉम्प्युटर तीनदा बदललेला असतो.